चौकशीला गुण कसे द्यावेत? भंडारा जिल्ह्यातल्या यंत्रविक्रीच्या निमित्ताने

आजचा विषय ऐकायला जरा परका वाटेल: मार्केटिंग ऑटोमेशन आणि लीड स्कोअरिंग. पण आपल्या भागातल्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये जा, तिथे 'इन्क्वायरी' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. लीड म्हणजे तीच इन्क्वायरी, आपली चौकशी. आज आम्ही एवढंच समजावून सांगणार आहोत की आलेल्या चौकशीला सॉफ्टवेअर गुण कसे देतं, ते गुण कुठे उपयोगी पडतात आणि कुठे फसवतात.

उदाहरण धानाच्या यंत्रांचं घेऊ. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूर या सातही तालुक्यांत धान आहे. रोवणीला आणि कापणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून रोवणी यंत्र, कापणी यंत्र, मळणी यंत्र यांची विचारपूस वाढते आहे. समजा, एका विक्रेत्याकडे तीन विक्री प्रतिनिधी आहेत आणि हंगामाच्या तोंडावर महिन्याला दोनशे चौकश्या येतात. कुणी दुकानात येतो, कुणी मिस कॉल देतो, कुणी फेसबुकवरची जाहिरात दाबतो, कुणी व्हॉट्सॲपवर नुसतं "रेट?" असं लिहितो, कुणी दिवाळीनंतरच्या मंडईत स्टॉलवर नंबर देऊन जातो. तिघे जण दोनशे बांधांवर पोहोचू शकत नाहीत. मग आधी कुणाकडे जायचं? सगळा प्रश्न इथे आहे.

ही कल्पना आली कुठून

जुने विक्रेते हे काम वहीत करत होते, आजही करतात. नावापुढे 'हॉट', 'वॉर्म', 'कोल्ड' असं लिहायचं. अडचण अशी की एकाचा हॉट तो दुसऱ्याचा वॉर्म. प्रतिनिधी नोकरी सोडून गेला की वहीतलं ज्ञानही त्याच्याबरोबर जातं.

हे काम सॉफ्टवेअरवर नेणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी एक म्हणजे टोरोंटोची एलोक्वा, स्थापना १९९९. योगायोग बघा, त्याच वर्षी १ मे रोजी गोंदिया आपल्या जिल्ह्यातून वेगळा झाला. पुढे २००६ मध्ये हबस्पॉट आणि मार्केटो आल्या. भारतात चेन्नईची झोहो आणि २०११ मध्ये सुरू झालेली बंगळूरची लीडस्क्वेअर्ड ही नावं या धंद्यात ऐकायला मिळतात. नावं वेगळी असली तरी आतली यंत्रणा जवळपास सारखीच असते. ती तीन कामं करते: सगळ्या चौकश्या एका जागी आणते, प्रत्येकीला गुण देते आणि ठरवलेल्या वेळी निरोप पाठवते किंवा प्रतिनिधीला आठवण करून देते.

एका जागी आणण्याचं महत्त्व कमी समजू नका. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०११ साली एक अभ्यास आला होता. त्यात अमेरिकेतल्या ४२ कंपन्यांकडे आलेल्या साडेबारा लाख चौकश्या तपासल्या होत्या. ज्यांनी तासाभरात संपर्क साधला, त्यांना निर्णय घेणाऱ्या माणसाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता तास उलटल्यावर फोन करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. चोवीस तास किंवा जास्त थांबलेल्यांच्या तुलनेत ती साठपटीहून जास्त होती. आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे ते तसेच लागू होतील असं नाही. पण "उद्या करतो फोन" म्हणताना ते आठवले तरी पुरे.

गुण कसे पडतात

गुण दोन बाजूंनी पडतात. पहिली बाजू: हा माणूस आपल्या मालाचा गिऱ्हाईक होऊ शकतो का? दुसरी बाजू: सध्या त्याची हालचाल काय सांगते? आपण एक साधा तक्ता करू.

पहिली बाजू. आपली सर्व्हिस व्हॅन पोहोचते त्या भागातला असेल तर १०. यंत्र भाड्याने चालवण्याचा धंदा असेल तर १५.

दुसरी बाजू. जाहिरात दाबली तर ५. भाव विचारला तर १०. कोटेशन मागितलं तर २०. बांधीत येऊन डेमो बघितला तर २५.

वजाबाकीही हवी. सलग तीन फोन उचलले नाहीत तर १५ कमी. नोकरीसाठी विचारत असेल तर त्याला यादीतून काढा. साठ गुण झाले की प्रतिनिधीने त्याच दिवशी जायचं, असा नियम.

आता लाखनीकडचा एक कास्तकार घ्या. तो आपल्या भागातला म्हणून १०, भाड्याचा धंदा म्हणून १५, भाव विचारला १०, कोटेशन मागितलं २०. झाले ५५. डेमो बघितला की ८०. प्रतिनिधीला लगेच निरोप जातो. इथवर ठीक.

दुसरा एक मुलगा घ्या. रात्री मोबाईल बघताना त्याने आठ वेळा जाहिरात दाबली, म्हणजे ४०. आपल्या भागातला, १०. एकदा भाव विचारला, १०. झाले साठ! घ्यायचं काहीच नाही, पण प्रतिनिधी पेट्रोल जाळून त्याच्या दारात. म्हणून प्रत्येक हालचालीला कमाल मर्यादा लागते. जाहिरातीचे मिळून जास्तीत जास्त १० धरले की त्याचे ३० होतात आणि तो आपल्या जागी राहतो.

गुणांना वय असतं

सहा महिन्यांपूर्वीचं कोटेशन आणि कालचं कोटेशन सारखं नाही. म्हणून जुन्या हालचालींचे गुण आपोआप घटवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. एक प्रचलित पद्धत म्हणजे दर तीस दिवसांनी निम्मे करणे. आपल्या लाखनीच्या कास्तकाराने डेमो न बघता जूनमध्ये कोटेशन घेतलं असं समजा. हालचालींचे ३० गुण जुलैत १५ होतील, ऑगस्टमध्ये साडेसात. पहिल्या बाजूचे २५ धरून एकूण ५५ वरून साडेबत्तीसवर घसरला.

पण थांबा. तो कापणी यंत्र विचारत होता. खरीप धानाची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मधले दिवस पऱ्हे, रोवणी, निंदण यात गेले. त्याचा बेत थंड पडलेला नाही, हंगाम यायचा आहे. सॉफ्टवेअरने त्याला खाली ढकललं ते नेमकं सप्टेंबरात, जेव्हा फोन करायला हवा होता.

बाहेरून आलेला तक्ता जसाच्या तसा चालत नाही, तो याचमुळे. घट महिन्याने न मोजता पिकाने मोजा. कापणी यंत्राची चौकशी कापणी संपेपर्यंत जिवंत ठेवा, रोवणी यंत्राची रोवणी संपेपर्यंत. उन्हाळी धान घेणाऱ्यांची वेगळी खूण करा, त्यांचा हंगाम वर्षातून दोनदा येतो. आणि रोवणीच्या दिवसांत दुपारी फोन उचलला नाही म्हणून १५ गुण कापू नका. माणूस चिखलात उभा असतो. संध्याकाळी करा.

गुण खरे की खोटे, हे कसं कळणार

मागच्या वर्षीची वही काढा. समजा २०० चौकश्या होत्या आणि २० जणांनी खरेदी केली, म्हणजे १० टक्के. आता बघा, डेमो किती जणांनी बघितला? समजा ४०, आणि त्यांतल्या १२ जणांनी घेतलं. ३० टक्के, सरासरीच्या तिप्पट. कोटेशन घेतलेले समजा ८०, त्यांतल्या १० जणांनी घेतलं. साडेबारा टक्के, सरासरीपेक्षा थोडंच जास्त. मग आपण कोटेशनला २० आणि डेमोला २५ देतो, हे चुकतं आहे. कोटेशनला ५ पुरेत.

असं का होतं? कोटेशन घेण्याची कारणं अनेक. कुणी दुसऱ्या दुकानात भाव पाडायला नेतो. कुणाला महाडीबीटी पोर्टलवर अनुदानासाठी निवड झाल्यावर ते जोडावं लागतं, आणि पूर्वसंमती मिळेपर्यंत तो खरेदी करूच शकत नाही. याला कमी गुण देऊन विसरायचं नाही, त्याची रांग वेगळी करायची. त्याला "कधी घेता?" विचारण्यापेक्षा "पूर्वसंमती आली का?" हे विचारणं उपयोगाचं.

ज्यांना गुणच पडत नाहीत

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. सॉफ्टवेअरला मोबाईलवरची हालचाल दिसते, माणूस दिसत नाही. ज्याच्याकडे साधा फोन आहे तो जाहिरात दाबत नाही, व्हिडिओ बघत नाही. त्याचे गुण कमीच. ठेक्याने शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. बचत गटातल्या ताई चौकशी करतात, पण नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा. फोन दुसरंच कुणी उचलतं, "आम्हाला नको" म्हणतं आणि गुण कापले जातात. दहा जणी मिळून यंत्र घेऊन भाड्याने चालवू शकल्या असत्या, पण त्यांच्याकडे कुणी गेलंच नाही.

आणि हे चक्र आहे, बघा. ज्याला फोन गेला नाही त्याने घेतलं नाही. त्याने घेतलं नाही म्हणून पुढच्या वर्षी त्याच्यासारख्यांना आणखी कमी गुण. यंत्र म्हणेल, "बघा, माझं बरोबर होतं."

यावर तीन उपाय आम्ही सुचवतो. एक, दर आठवड्याला खालच्या यादीतून पाच नावं चिठ्ठी टाकून काढा आणि त्यांना फोन करा. त्यांतले किती घेतात ते नोंदवा. तक्त्याची खरी परीक्षा तिथेच होते. दोन, प्रतिनिधीला स्वतःच्या हाताने गुण वाढवायची मुभा द्या, कारण लिहिण्याच्या अटीवर. तीन, आडनाव, जात, धर्म, वस्ती यांना गुण द्यायचे नाहीत, आडवाटेनेही नाही. आपल्याकडे आडनावावरून बरंच काही ओळखलं जातं, म्हणून हे स्पष्ट सांगावं लागतं.

आणखी एक गल्लत टाळा. बँकेचा सिबिल स्कोअर ३०० ते ९०० असतो आणि तो कर्जफेडीचा इतिहास सांगतो. चौकशीचे गुण माणसाची पत सांगत नाहीत. आज आधी कुणाशी बोलावं, एवढंच सांगतात.

निरोप पाठवण्याचे नियम

चौकशी आली की लगेच पोच, तिसऱ्या दिवशी यंत्राचा व्हिडिओ, आठवड्याने फोनची आठवण, अशी मालिका लावता येते. पण मालिका लावण्याआधी ती कधी थांबेल ते ठरवा. यंत्र घेऊन घरी नेलेल्याला "अजून विचार करताय?" असा निरोप गेला की हसं होतं.

कायदाही आहे. व्यापारी फोन आणि एसएमएसना ट्रायचे २०१८ चे नियम लागू आहेत. नको असलेल्यांनी १९०९ वर नोंद केलेली असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्याचा गाभा सोपा: संमती स्पष्ट हवी, दिली तितक्याच सहज परत घेता यावी आणि सूचना मराठीतही मिळण्याची सोय हवी. मंडईत घेतलेला नंबर कशासाठी घेतला, हे तिथेच सांगा.

श्रोत्यांचा एक प्रश्न

प्रश्न आला आहे: "दुकान लहान आहे, सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?"

महिन्याला तीस-चाळीस चौकश्या असतील तर घाई करू नका. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये रंगीत लेबलं लावता येतात. सोबत एक शीट ठेवा: नाव, गाव, काय हवं, कुठून कळलं, डेमो झाला का, पुढचा फोन कधी, शेवटी काय झालं. हा शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात आणि गुणांचा तक्ता नेमका त्याच्यावरच उभा राहतो. एक खरीप आणि एक उन्हाळी हंगाम ही शीट नीट भरा. मग तुमच्याकडे तुमच्याच गिऱ्हाइकांवरून काढलेला तक्ता असेल, आणि सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही हे तुम्हालाच सांगता येईल. पुढच्या भागात हीच शीट समोर ठेवून तक्ता तयार करू.