तीनदा महाराष्ट्र केसरी, पण नाव निघालं की आठवतं डोपिंग : नरसिंग यादव प्रकरण नेमकं काय होतं?

१९ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिम्पिकमध्ये त्या दिवशी ७४ किलो फ्रीस्टाईल गटाच्या कुस्त्या होत्या. भारताकडून या गटात नरसिंग यादव उतरणार होता. पण तो मॅटवर आलाच नाही. आदल्याच दिवशी क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली होती.

महाराष्ट्रासाठी ही साधी बातमी नव्हती. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या एकाही पैलवानाला ऑलिम्पिक पदक मिळालेलं नव्हतं. ६४ वर्षांनी ती आशा नरसिंगवर होती.

आज नरसिंगचं नाव काढलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. त्याने खरंच औषध घेतलं होतं का? आणि घेतलं असेल, तर आधी जिंकलेल्या कुस्त्यांचं काय?

कोण आहे नरसिंग यादव?

नरसिंग मूळचा उत्तर प्रदेशातल्या कुटुंबातला, पण वाढला मुंबईत. जोगेश्वरीत राहणारे त्याचे वडील दुधाचा व्यवसाय करायचे. कांदिवलीच्या साई केंद्रात जगमाल सिंग यांच्या हाताखाली तो तयार झाला.

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकलं. त्यानंतर २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं तो महाराष्ट्र केसरी झाला. राज्य सरकारने त्याला पोलीस दलात उपअधीक्षक केलं. २०१२ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो लंडन ऑलिम्पिकला गेला, पण पहिल्याच फेरीत हरला. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवलं.

सगळ्यात मोठा दिवस आला सप्टेंबर २०१५ मध्ये. लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक जिंकलं आणि ७४ किलो गटात भारताला रिओची जागा मिळवून दिली.

ऑलिम्पिकआधीच कोर्टाची पायरी

इथूनच पहिला वाद सुरू झाला. दोन ऑलिम्पिक पदकं मिळवलेला सुशील कुमारही आता ७४ किलो गटात खेळत होता. त्याचं म्हणणं होतं की दोघांची निवड चाचणी घ्या, जो जिंकेल तो रिओला जाईल. कुस्ती महासंघाने जागा मिळवून देणाऱ्या नरसिंगला पसंती दिली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि ६ जून २०१६ ला सुशीलची याचिका फेटाळली गेली.

नरसिंगचा रिओचा रस्ता मोकळा झाला. पण तीनच आठवडे.

२५ जून २०१६ ला सोनिपतच्या साई केंद्रात सराव शिबिर सुरू असताना नरसिंगच्या लघवीचा नमुना घेतला गेला. असा नमुना दोन बाटल्यांत भरतात, 'ए' आणि 'बी'. 'ए' मध्ये काही सापडलं, तर खेळाडूला 'बी' बाटलीची तपासणी मागता येते. नरसिंगच्या दोन्ही बाटल्यांत एकच पदार्थ सापडला, मेथँडिएनोन. ५ जुलैला घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यातही तोच निघाला. त्याच्या खोलीत राहणारा पैलवानही चाचणीत अडकला.

नरसिंगने आरोप नाकारला. आपल्याविरुद्ध कट झाला, एका पैलवानाने आपल्या खाण्यापिण्यात औषध मिसळलं, अशी पोलीस तक्रार त्याने केली.

मेथँडिएनोन म्हणजे काय?

हे एक ॲनाबॉलिक स्टेरॉईड आहे. पुरुषांच्या शरीरात तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनसारखं काम करणारं, पण कारखान्यात बनवलेलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते अमेरिकेत 'डायनाबॉल' या नावाने बाजारात आलं आणि वजन उचलणाऱ्यांमध्ये लवकरच पसरलं.

स्नायू लवकर वाढतात, ताकद वाढते आणि जोरदार सरावानंतर शरीर लवकर सावरतं, म्हणून खेळाडू त्याकडे वळतात. पण त्याची किंमतही मोजावी लागते. यकृतावर ताण येतो, कोलेस्टेरॉल बिघडतं, हृदयाचा धोका वाढतो. शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं.

हे औषध रक्तातून काही तासांत कमी होतं. पण शरीरात त्याचं विघटन होऊन जे अंश उरतात, ते लघवीत बरेच आठवडे सापडू शकतात. म्हणून सरावाच्या काळात अचानक घेतलेली चाचणी महत्त्वाची ठरते.

'नाडा'ने सोडलं, मग लवादाने का अडवलं?

भारतात डोपिंगवर लक्ष ठेवणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्था, थोडक्यात 'नाडा'. १ ऑगस्ट २०१६ ला नाडाच्या शिस्तपालन समितीने नरसिंगला निर्दोष ठरवलं. तो कटाचा बळी आहे आणि त्यात त्याची चूक नाही, असं समितीचं मत पडलं. देशभर पेढे वाटले गेले.

पण या निर्णयावर जागतिक संस्था 'वाडा' अपील करू शकते. वाडाने ते केलं आणि ऑलिम्पिकसाठी रिओतच बसलेल्या क्रीडा लवादापुढे १८ ऑगस्टला सुनावणी झाली.

तिथे दोन गोष्टी निर्णायक ठरल्या.

पहिली, प्रमाण. वाडाच्या तज्ज्ञांचं म्हणणं होतं की पहिल्या नमुन्यातलं प्रमाण इतकं जास्त आहे की ते पाण्यात मिसळलेल्या पावडरीतून नव्हे, तर एक-दोन गोळ्या घेतल्यानेच येऊ शकतं.

दुसरी, पुरावा. कट झाला हे सांगणं पुरेसं नव्हतं, ते दाखवून द्यायला हवं होतं. लवादाच्या मते नरसिंग तसा ठोस पुरावा देऊ शकला नाही. सगळ्या शक्यता तोलून पाहता त्याने गोळी एकाहून जास्त वेळा घेतली असावी, असा निष्कर्ष लवादाने काढला. चार वर्षांची बंदी लागली आणि २५ जून २०१६ पासूनचे त्याचे निकाल रद्द झाले.

सीबीआयनेही पुढे हे प्रकरण तपासाला घेतलं. पण लवादाचा निर्णय कायम राहिला. नरसिंग आपण निर्दोष असल्याचं सांगत राहिला.

पुरावा खेळाडूनेच का द्यायचा?

अनेकांना इथेच अडखळायला होतं. फौजदारी खटल्यात आरोप सिद्ध करणं सरकारचं काम असतं. मग इथे उलटं का?

डोपिंगचा नियम असा आहे की शरीरात जे सापडेल, त्याची जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, कसं आलं, हा नंतरचा प्रश्न. स्टेरॉईडसारख्या पदार्थासाठी नियमातली शिक्षा चार वर्षं. ती कमी व्हावी असं वाटत असेल, तर हेतू नव्हता हे खेळाडूने दाखवायचं, आणि त्यासाठी पदार्थ शरीरात कसा आला हे सांगता यावं लागतं.

नियम कठोर आहे, कारण 'मला माहीत नव्हतं' एवढ्यावर सुटका झाली तर एकही खेळाडू दोषी ठरणार नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. एखाद्याला खरंच फसवलं गेलं आणि त्याच्याकडे पुरावा नसेल, तर त्यालाही तीच शिक्षा होते. नरसिंगबद्दलचं मत आजही दुभंगलेलं आहे, ते यामुळेच.

बंदी संपली, मग डाग का जात नाही?

कागदावर पाहिलं तर नरसिंगची शिक्षा मर्यादित आहे. महाराष्ट्र केसरीच्या तीन गदा, राष्ट्रकुलचं सुवर्ण, लास वेगासचं कांस्य यातलं काहीही काढून घेतलेलं नाही. ते सगळं २५ जून २०१६ च्या आधीचं आहे आणि त्या कुस्त्यांबद्दल कुठलाही दोष सिद्ध झालेला नाही. २०२० मध्ये बंदी संपली. तो पुन्हा मॅटवर आला, पण ऑलिम्पिक गाठता आलं नाही. एप्रिल २०२४ मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष म्हणून तो निवडून आला.

लोकांच्या मनातली शिक्षा मात्र मागेही जाते. 'आधीही घेत असेल' ही शंका एकदा आली की पुसता येत नाही.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. नरसिंगवर बंदी आली त्याच्या सहाच दिवस आधी, १२ ऑगस्ट २०१६ ला, अमेरिकेतला बेसबॉलपटू अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज न्यूयॉर्क यांकीजकडून शेवटचा सामना खेळला. त्याच्या नावावर ६९६ होमरन आहेत. पण २००१ ते २००३ या काळात बंदी असलेली औषधं घेतल्याचं त्याने २००९ मध्ये कबूल केलं होतं आणि दुसऱ्या प्रकरणात २०१४ चा पूर्ण हंगाम तो बंदीमुळे बाहेर होता. त्याचे ६९६ होमरन नोंदवहीत तसेच आहेत. पण बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जायला पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात, आणि २०२२ ते २०२५ या चार वर्षांत त्याला एकदाही ४० टक्के मिळाली नाहीत.

दोघांत एक मोठा फरक आहे. रॉड्रिग्जने कबुली दिली, नरसिंगने कधीच दिली नाही. तरी दोघांच्या नावापुढे आधी पराक्रम येत नाही, औषध येतं.

यवतमाळच्या पोराने यातून काय घ्यायचं?

यवतमाळ जिल्ह्यात गावच्या यात्रेला कुस्त्यांची दंगल भरते. तिथे जिंकणाऱ्या पोराला कुणी बाटली हातात देऊन तपासणीला नेत नाही. पण तोच पोरगा राष्ट्रीय पातळीवर किंवा शिबिरात पोचला, की नाडा त्याचा नमुना कधीही घेऊ शकते. तेव्हा पुसदच्या किंवा वणीच्या जिममध्ये कुणीतरी दिलेली गोळी त्याच्याच नावावर लागते, देणाऱ्याच्या नाही.

वाडाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यातल्या २१४ मध्ये बंदी असलेले पदार्थ सापडले. म्हणजे शंभरातले जवळपास चार.

म्हणून काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. प्रोटीनच्या डब्यावर सरकारी परवान्याचा क्रमांक आहे, म्हणजे तो डोपिंगच्या दृष्टीने सुरक्षित आहे असं नाही. डबा, बिल आणि बॅच नंबर जपून ठेवावा, कारण भेसळ सिद्ध करायची वेळ आली तर तेवढाच आधार असतो. आजारपणात डॉक्टरांना आधीच सांगावं की आपण स्पर्धा खेळतो. औषधात बंदी असलेला पदार्थ आहे का, हे नाडाच्या 'नो युवर मेडिसिन' या ॲपवर पाहता येतं. उपचारासाठी ते औषध घ्यावंच लागणार असेल, तर नाडाकडून आधी परवानगी घेता येते.

आणि उघडी राहिलेली बाटली दुसऱ्याच्या हाती देऊ नये, उघडी राहिली तर त्यातलं पिऊ नये. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण खाण्यापिण्यात काय गेलं, कसं गेलं, एवढ्याच एका प्रश्नाचं उत्तर तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या पैलवानाला रिओत पुराव्यानिशी देता आलं नाही.