मक्याची पाने वाचली तरच कणीस भरते

सिल्लोड-कन्नड भागातल्या बहुतेक घरांप्रमाणे आमचेही खरिपाचे गणित गेली कित्येक वर्षे मक्यावर चालते. कपाशीला वेचणीचे मजूर मिळत नाहीत. मका लवकर निघतो, जनावरांना चारा होतो आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी दाण्याला मागणी असते. तीन वर्षांपूर्वी आम्ही चार एकर मका लावला होता. त्याच्या पैशांतून सोसायटीचे पीककर्ज फेडायचे आणि थोरल्या मुलीची नर्सिंगची फी भरायची, असे घरात ठरले होते.

ऑगस्टच्या अखेरीस पिकाला तुरे आले. त्या वेळी पाऊस आठ दिवस थांबला नाही. आकाश सतत भरलेले आणि सकाळी दहा वाजेपर्यंत पाने ओली. आमचे सगळे लक्ष लष्करी अळीकडे होते. रोज पोंगे उघडून पाहायचो आणि अळी नाही म्हणून समाधानाने घरी यायचो. खालच्या पानांवर राखी-हिरवट लांबट डाग पडले होते, ते दिसूनही आम्ही मनावर घेतले नाहीत. खालची पाने वाळायचीच, असे वाटले. पुढच्या दोन आठवड्यांत डाग कणसाजवळच्या पानांपर्यंत चढले. दुकानात पान दाखवले तर युरिया कमी पडला असे सांगण्यात आले. आम्ही तोही टाकला. शेवटी कणसे दिसायला लांब, पण टोकाला दाणा नाही आणि जो आहे तो हलका. उतारा जवळजवळ एक तृतीयांश घटला. फीसाठी अम्मींनी दोन शेळ्या विकल्या.

हे सांगण्याचे कारण एवढेच, की नुकसान रोगामुळे झाले तितकेच आमच्या अज्ञानामुळेही झाले. त्यानंतर कृषी विज्ञान केंद्रात जाऊन, जाणत्यांना विचारून आणि दोन हंगाम स्वतः करून पाहून जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

रोग नेमका कोणता?

मक्याच्या पानांवर मुख्यतः दोन प्रकारचा करपा येतो आणि दोन्ही बुरशीजन्य आहेत. पहिला टर्सिकम करपा. याचे डाग होडीसारखे, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते असतात. ते वीतभर लांबही होऊ शकतात. साधारण 18 ते 27 अंश तापमान आणि रात्रभर टिकणारे दव त्याला मानवते. म्हणून पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि थंडीतल्या रब्बी मक्यावर तो जोर करतो. दुसरा मेडिस करपा. त्याचे डाग लहान, बदामी रंगाचे आणि शिरांच्या मध्ये पट्टीसारखे असतात. याला अधिक उष्ण व दमट हवा लागते.

दोन्ही बुरशी मागच्या हंगामातल्या मक्याच्या पालापाचोळ्यावर आणि धसकटांवर जिवंत राहतात. पावसाच्या थेंबांनी आणि वाऱ्याने त्यांचे बीजाणू पानांवर येतात. पान काही तास सलग ओले राहिले की बीजाणू रुजतो आणि आत शिरतो. डाग आपल्या डोळ्यांना दिसतो तेव्हा लागण होऊन आठवडा-दीड आठवडा उलटलेला असतो. त्यामुळे डाग दिसल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीपासून पीक सशक्त ठेवणे जास्त उपयोगाचे.

एक गोष्ट समजून घ्यावी. कणसात भरणारा दाणा मुख्यतः कणसाजवळच्या आणि त्यावरच्या पानांनी तयार केलेल्या अन्नावर पोसतो. ही पाने दाणा भरेपर्यंत हिरवी राहिली तर खालच्या दोन-चार पानांवरच्या डागांनी फारसे बिघडत नाही. पण कणसाला केस येण्याच्या आधीच करपा वरच्या पानांवर पोहोचला तर उत्पादनात मोठी घट येते. आमचे तेच झाले होते.

भूक आणि रोग यांतला फरक

आमची दुसरी चूक ही, की रोगाला आम्ही खताची उणीव समजलो. पान नीट पाहिले तर फरक कळतो. नत्र कमी पडले तर खालच्या पानाच्या टोकापासून मधल्या शिरेने इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळेपणा आत सरकतो. पालाश कमी असेल तर खालच्या पानांच्या कडा टोकाकडून करपतात आणि मधला भाग हिरवा राहतो. जस्त कमी असेल तर कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढरट पट्टे दिसतात. करप्याचा डाग मात्र पानावर कुठेही पडतो आणि त्याला स्वतःची स्पष्ट कड असते.

पिकाची ताकद कशी वाढते?

आम्ही पूर्वी युरिया भरपूर टाकायचो आणि पालाश जवळजवळ द्यायचोच नाही. युरियाने पीक काळेभोर दिसते आणि मन खूष होते. पण नुसत्या नत्रावर वाढलेले पान मऊ व लुसलुशीत होते आणि दाट पिकात हवा खेळत नाही. पालाश मिळाल्यावर पेशींच्या भिंती जाड होतात, पानातली साखर दाण्याकडे नीट वाहते आणि ताटही मजबूत राहते. अशा पानात शिरणे बुरशीला जड जाते. रोग अजिबात येणार नाही असे नाही, पण त्याची चाल मंदावते आणि तेवढ्या वेळात दाणा भरतो.

संकरित मक्याला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. एकरी हिशेब केला तर 48, 24 आणि 16 किलो. सरळ खतांत सांगायचे तर युरियाच्या 45 किलोच्या सव्वादोन ते अडीच गोण्या, सिंगल सुपर फॉस्फेटच्या 50 किलोच्या तीन गोण्या आणि म्युरेट ऑफ पोटॅशची अर्ध्या गोणीपेक्षा थोडी जास्त मात्रा. युरिया एकदम न देता तीन हप्त्यांत द्यावा: पेरणीच्या वेळी, महिन्याने आणि 40 ते 45 दिवसांनी. जस्त कमी असलेल्या जमिनीत एकरी 8 ते 10 किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे. ते स्फुरदाच्या खतात मिसळू नये.

हे आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या जमिनीत काय आहे ते माती परीक्षणाशिवाय कळत नाही. पेरणीपूर्वी शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती घ्यावी, एकत्र करावी आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यावी. आमच्या अहवालात जस्त कमी निघाले. इतकी वर्षे ते आम्हाला माहीतच नव्हते.

पेरणीपूर्वीची कामे

पहिले काम धसकटांचे. मक्यावर मका घेऊ नये. आम्ही आता मक्यानंतर हरभरा घेतो आणि पुढच्या खरिपात त्या तुकड्यात सोयाबीन किंवा तूर लावतो. धसकटे जाळत नाही. रोटाव्हेटरने बारीक करून खोल नांगरटीने गाडतो, म्हणजे ती कुजतात आणि बुरशीचा आसराही जातो.

दुसरे काम वाणाचे. बियाणे घेताना उत्पादनाबरोबर करप्याला सहनशील आहे का, हेही विचारावे. पण एकाच वाणावर सगळी भिस्त ठेवू नये. 1970 साली अमेरिकेत काय झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथल्या सुमारे 85 टक्के मक्यात संकरित बियाणे सोपे व्हावे म्हणून एकच गुण आणला होता. मेडिस बुरशीच्या एका नव्या प्रकाराला नेमका तोच गुण मानवला आणि एका हंगामात देशाच्या मक्यापैकी सुमारे 15 टक्के पीक गेले. आम्ही आता दोन वेगळ्या वाणांचे तुकडे करतो.

तिसरे, अंतर. मध्यम व उशिरा येणाऱ्या वाणांना दोन ओळींत 75 सेंटिमीटर आणि दोन झाडांत 20 सेंटिमीटर अंतर ठेवावे. जास्त झाडे म्हणजे जास्त कणसे, हा समज सोडावा. पाणी साचत असेल तर चर काढावा. साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरतात आणि टाकलेले खत झाडाला मिळत नाही.

फवारणी केव्हा?

पीक सशक्त असले तरी सतत पावसाच्या वर्षी औषधाची गरज पडू शकते. तुरा येण्याच्या सुमारास आठवड्यातून दोनदा शेतात आत शिरून खालची पाने पाहावीत. डाग खालून वर सरकू लागले आणि हवा ढगाळ असेल तर मॅन्कोझेब 25 ग्रॅम 10 लिटर पाण्यात मिसळून फवारतात. गरज पडल्यास आठ-दहा दिवसांनी पुन्हा. दाणे पक्व होत आल्यावर फवारणीचा उपयोग नाही, तो पैसा वाचवावा.

आणि फवारणारा माणूस आधी सांभाळावा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, हे विसरता येत नाही. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या दिशेने पाठ आणि काम संपताच अंघोळ. लहान मुलांना पंपाजवळ येऊ देऊ नये. फवारलेल्या मक्याचा चारा डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय जनावरांना घालू नये.

गेल्या वर्षीही सप्टेंबरात पाऊस लागून राहिला. डाग आले, पण एका फवारणीनंतर ते कणसाच्या खालीच थांबले. कणसे टोकापर्यंत भरली. युरियाची एक गोणी कमी लागली आणि त्या पैशांत पालाश आले. मुलीच्या दुसऱ्या वर्षाची फी मक्यातूनच भरली. अम्मींनी गोठ्यात पुन्हा एक शेळी बांधली आहे. यंदाही पेरणीआधी मातीचा नमुना देऊन आलो आहोत. ज्यांच्या घरी मका आहे त्यांनी एवढे एक काम या महिन्यात जरूर करावे.