दंड भरण्याची घाई

पेनसिल्व्हेनियात शिकायला गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा पार्टीत बिअरचा कॅन हातात असताना सापडला, तर पोलीस त्याला कोठडीत टाकतीलच असं नाही. बहुतेकदा ते 'सायटेशन' देतात. त्यावर कलम, कोर्टाचा पत्ता आणि उत्तरासाठी दहा दिवसांची मुदत असते. पुण्या-नाशकात आईबाबांना कळायच्या आत पोरगा ऑनलाइन पैसे भरून मोकळा होतो. घोळ होतो तो इथेच. तो दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं.

दारूसाठी एकवीस वर्षांची अट अमेरिकाभर आली ती 1984च्या कायद्याने. अट न पाळणाऱ्या राज्यांच्या महामार्ग निधीला कात्री लागणार होती. साउथ डकोटा त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1987 साली हरलं. (आपल्याकडे महाराष्ट्रातही बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं लागतात. विचारतो कोण, हा भाग वेगळा!) शिक्षा मात्र राज्याराज्यांत वेगळी. मिशिगनमध्ये 2018पासून पहिल्या वेळी फक्त दिवाणी स्वरूपाचा दंड होतो, तोही जास्तीत जास्त शंभर डॉलर. पेनसिल्व्हेनियात तो किरकोळ असला तरी फौजदारी गुन्हाच आहे. पहिल्यांदा पाचशे डॉलरपर्यंत दंड, पुढे हजारापर्यंत, वर कोर्टाचा खर्च.

पेनसिल्व्हेनियात दहा दिवसांत 'गुन्हा नाकबूल' कळवलं, की मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजपुढे सुनावणी लागते. तिथे आरोप सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांची. ज्युरी नसते आणि तुरुंगवासाची शक्यता नसेल तर सरकारी खर्चाने वकीलही मिळत नाही. मात्र निकाल विरोधात गेला तर तीस दिवसांत वरच्या कोर्टात दाद मागता येते आणि तिथे खटला नव्याने चालतो. अनेक ठिकाणी दारूविषयीचा वर्ग किंवा समाजसेवा पूर्ण केली की प्रकरण मिटवतात. ही सवलत वकिलामार्फत आधीच विचारून घ्यावी.

पोलिसांशी बोलताना सिनेमातलं ज्ञान कामाचं नाही. गप्प राहण्याचा हक्क पोलिसांनी वाचून दाखवायलाच हवा, असं बंधन केवळ ताब्यात घेऊन चौकशी करताना असतं. फुटपाथवर थांबवून 'किती प्यायलास?' विचारलं तर तो नियम लागू होत नाही, पण उत्तर देण्याची सक्तीही नसते. नुसतं गप्प बसणंही पुरेसं नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या 2013च्या एका निकालाने दाखवून दिलं. 'मला उत्तर द्यायचं नाही' असं नम्रपणे, स्पष्ट सांगावं. नाव खोटं सांगू नये आणि नकली ओळखपत्र तर चुकूनही पुढे करू नये. तो निराळाच गुन्हा आहे. खोलीचं दार वॉरंटशिवाय उघडायला नकार देता येतो, पण तुम्ही तिथे नसताना रूममेटने 'या' म्हटलं की पोलीस आत.

गाडी चालवत असाल तर हे सगळं गणित बदलतं. एकवीसच्या आतल्या चालकाला रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.02 टक्के किंवा त्याहून कमी असते. म्हणजे एखादी बिअरही महागात पडू शकते.

मित्र बेशुद्ध पडला तर मात्र सायटेशनच्या भीतीने पळून जायचं कारण नाही. 911ला फोन करून, स्वतःचं खरं नाव सांगून, मदत येईपर्यंत त्याच्याजवळ थांबणाऱ्यावर पेनसिल्व्हेनियात दारू प्यायल्याबद्दल कारवाई होत नाही. प्रत्येक आईबापाने विमानतळावर सोडताना सांगावं ते हेच.

कोर्टाबाहेर विद्यापीठाची शिस्तीची चौकशी वेगळी चालते. मुलगा एकवीसच्या आत असेल तर 1998पासून विद्यापीठ त्याच्या संमतीविना पालकांना कळवू शकतं. लपवाछपवी तशीही फार टिकत नाही.

भारतीय विद्यार्थ्याला खरा धोका व्हिसाचा. व्हिसासाठीच्या डीएस-160 अर्जात अटक किंवा दोषसिद्धी झाली होती का, हे विचारतात. पेनसिल्व्हेनियात एकविसाव्या वर्षानंतर अर्ज करून अशी नोंद पुसून घेता येते, पण अर्जातला प्रश्न माफी मिळालेल्या प्रकरणांनाही धरून आहे. म्हणून दंडाचं बटण दाबण्याआधी इमिग्रेशन जाणणाऱ्या वकिलाला कागद दाखवावा. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदेशीर सल्ल्याचं कार्यालय असतं. पहिला फोन तिथे लावावा, आणि तोही त्या दहा दिवसांत.