पॅरलल पोर्ट : २५ पिनांची प्रयोगशाळा

अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी लॅमिंग्टन रोडवरून एलईडी, रिले, स्टेपर मोटर आणून प्रोजेक्टसाठी ज्या प्रिंटर पोर्टला जोडत, त्याची ही ओळख.

● इतिहास : १९८१च्या आयबीएम पीसीसोबत प्रसार, १९९४ साली आयईईई १२८४ हे मानक.

● पिना : २ ते ९ डेटा, १० ते १३ आणि १५ स्टेटस, १, १४, १६, १७ कंट्रोल, १८ ते २५ ग्राउंड.

● पत्ते : सहसा डेटा ८८८, स्टेटस ८८९, कंट्रोल ८९० (दशमान).

● लिहिणे : टर्बो सीमध्ये आउटपोर्टबी(८८८, १) दिले की फक्त पिन २ ‘हाय’ होते, २५५ दिल्यास आठही डेटा पिना.

● वाचणे : इनपोर्टबी(८८९). पिन ११चा बिट हार्डवेअरमध्येच उलटतो. तो कोडमध्ये सुलटा करावा.

● काळजी : पिनेतून जेमतेम काही मिलिअँपिअर मिळतात. एलईडीला रेझिस्टर लावावा. मोटर यूएलएन २००३सारख्या ड्रायव्हर आयसीमार्फतच चालवावी.

● परवानगी : विंडोज एनटी, २००० आणि एक्सपी प्रोग्रामला थेट पोर्टपर्यंत पोचू देत नाहीत, वेगळा ड्रायव्हर लागतो. लिनक्समध्ये रूट अधिकाराने आयओपर्म वापरावे.

● खरेदीपूर्वी : यूएसबी-प्रिंटर केबल हे पत्ते पुरवत नाही, असा कोड तिच्यावर चालत नाही.