आमचं गाव अजिंठा, लेण्यांच्या अलीकडचं

आमच्याकडे पाहुणा आला की चहा संपायच्या आत विचारतो, "लेणी इथून चालत जाता येतात का?" येत नाहीत. लेणी गावापासून दहा-बारा किलोमीटरवर, घाट उतरून खाली फर्दापूरच्या बाजूला आहेत. त्यांच्या सर्वांत जवळ जे खेडं आहे त्याचं नाव लेणापूर. नाव मात्र आमच्या गावाचं लागलं आणि जगभर गेलं. शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, तेव्हा तिथेही गंमत होते. उर्दूच्या तासाला फळ्यावर 'अजंता' लिहायचं आणि मराठीच्या तासाला 'अजिंठा'. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, ही दोन गावं आहेत का?"

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे येणारे बहुतेक प्रवासी आमच्या गावात पाणी प्यायलाही थांबत नाहीत. गाडी पुढे निघून जाते. थांबले, तर निजामकाळातली तटबंदी आणि वेस दिसेल, जुनी बारादरी दिसेल. 23 सप्टेंबर 1803 ला इथून जवळच, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईला इंग्रज आणि मराठ्यांची मोठी लढाई झाली, तेव्हा वेलस्लीने आपले जखमी सैनिक उपचारासाठी आमच्या गावात आणून ठेवले होते. खाली फर्दापूरला मोगलकाळातली सराई आहे. दख्खन आणि खानदेश यांच्यामधला हा घाट, म्हणजे काफिले, फौजा, व्यापारी सगळे इथूनच चढत-उतरत होते. गावाला पाहुण्यांची सवय जुनी आहे.

त्या बारादरीत मेजर रॉबर्ट गिल राहत असे. मद्रासच्या फौजेतला हा चित्रकार. 1844 मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती काढण्यासाठी त्याची नेमणूक झाली आणि माणूस इथलाच होऊन गेला. वर्षानुवर्षं काढलेली त्याची मोठाली तैलचित्रं लंडनला गेली आणि त्यांतली बहुतेक 1866 च्या आगीत जळाली. गिलने पुन्हा काम सुरू केलं. 1879 मध्ये तो वारला, त्याची कबर भुसावळला आहे. पारोची कबर मात्र आमच्या गावात आहे. दगडावर तिचं नाव आणि 23 मे 1856 ही तारीख कोरलेली आहे. पटकीने गेली. याच डोंगरांच्या कुशीतल्या पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांनी तिच्यावर दीर्घ कविता लिहिली, पुढे 2012 मध्ये चित्रपट आला, आणि तेव्हापासून अधूनमधून कुणीतरी कबरीचा पत्ता विचारत येतं. त्याआधी आम्ही स्वतः कितीतरी वर्षं तिच्यावरून सायकल हाकत जात होतो, थांबलो नव्हतो. हे सांगताना लाज वाटते.

लाजेची दुसरी गोष्ट शाळेतली. सातवीच्या वर्गात आम्ही विचारलं, लेणी कुणी कुणी पाहिली आहेत? वर झालेले हात मोजायला एका हाताची बोटं पुरली. त्यांतल्या कित्येकांचे वडील, चुलते रोज तिथेच कामाला जातात. कुणी पर्यटकांना गारगोट्या आणि माळा विकतं, कुणी टपरीवर चहा देतं. जगातून लोक विमानाने जे पाहायला येतात ते आमच्या मुलांनी पाहिलं नव्हतं. आम्ही ठरवलं, या हिवाळ्यात सहल दूर कुठे न्यायची नाही, तिथेच न्यायची.

संमतीपत्रं वाटली त्याच संध्याकाळी एका मुलाचे वडील दारात आले. गवंडीकाम करतात, नमाजी माणूस, बोलणं कमी. म्हणाले, "सर, बच्चों को बुतखाना दिखाने ले जाते क्या?"

आम्ही त्यांना आत बसवलं. प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. गावातल्या अनेक घरांत तो मनात असतो, फक्त कुणी विचारत नाही. इबादत आणि पाहणं यांत फरक आहे, हे आम्ही सांगितलं. मग आम्ही त्यांना गुलाम यझदानी साहेबांचं नाव सांगितलं. 1914 मध्ये हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व खातं सुरू झालं, त्याचे हे पहिले संचालक. अजिंठ्याच्या चित्रांवरचा त्यांचा चार भागांचा ग्रंथ 1930 ते 1955 या काळात निघाला आणि आजही अभ्यासक तो उघडतात. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या राज्यात 1920 च्या सुमारास इटलीहून दोन कारागीर बोलावून गळून पडणारी चित्रं भिंतीला पक्की करून घेतली. त्यांनी वरून लावलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि नंतरच्या लोकांना तो काढत बसावं लागलं, हेही खरं. पण त्या वेळी हात लावला नसता तर आज पाहायला काय उरलं असतं, कुणास ठाऊक. त्याआधी 1909-11 च्या सुमारास इंग्लंडच्या लेडी हेरिंगहॅम चित्रांच्या नकला करायला आल्या. त्यांच्या चमूत नंदलाल बोस होते, तसेच हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हे दोन तरुण चित्रकारही होते. महिनोन्महिने अंधाऱ्या लेण्यांत बसून त्यांनी रेषा न् रेषा उतरवली.

गवंडी ऐकत होते. उठताना म्हणाले, "मैं भी आता."

सकाळी घाट उतरताना मुलांचा गोंधळ चालू होता. खाजगी वाहनं रस्त्यालगतच्या नाक्यावर थांबवावी लागतात, पुढचे चारएक किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. लेणी सोमवारी बंद असतात, हे आधी लक्षात ठेवा. वेरूळ मंगळवारी बंद असतं, तेव्हा दोन्ही करायचं असेल तर वार जुळवून निघा. पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, वाघूर नदीचं सातकुंडाचं पाणी टप्प्याटप्प्याने कोसळताना दिसतं आणि घोड्याच्या नालेसारखा तो कडा हिरवागार असतो. चित्रांच्या लेण्यांत पायताण काढावं लागतं, तेव्हा सहज निघतील अशा चपला घाला. फ्लॅश मारू नका. चित्रं जपायची म्हणून आत उजेड मंदच असतो. घाई केली तर काही दिसत नाही. दोन मिनिटं उभं राहिलं की अंधारातून एकेक चेहरा पुढे येतो.

दहाव्या लेण्यात आम्ही मुलांना जॉन स्मिथ दाखवला. 28 एप्रिल 1819 ला शिकारीला आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याला झाडीतून लेण्याची कमान दिसली, आणि त्याने आत जाऊन खांबावर आपलं नाव आणि तारीख खरडली. पुस्तकं म्हणतात त्याने लेणी 'शोधली'. मुलांना विचारलं, त्याच्या आधी इथल्या गुराख्यांना माहीत नसतील का? सगळे एका सुरात म्हणाले, असणारच. एकाने विचारलं, मग आम्ही खांबावर नाव लिहिलं तर चालेल का? त्याला बसपर्यंत आमचा हात धरून चालावं लागलं.

खरा तास मात्र चोविसाव्या लेण्यात झाला, आणि तो आम्ही घेतला नाही. हे लेणं अर्धवट राहिलेलं आहे. इतका वेळ मागे मागे चालणारे गवंडी तिथे थबकले. छताकडे पाहिलं, मग खांबांकडे, मग जमिनीकडे. "वरून खाली आलेत," ते म्हणाले. "आधी छत, मग खाली. पायाड लागलंच नाही यांना." बरोबर होतं. लेणी अशीच कोरत, वरून खाली, आणि अर्धवट कामात छिन्नीचे घाव तसेच राहिलेले दिसतात. मग मुलं त्यांच्याभोवती जमली. घाव कुठल्या बाजूने घातलाय, कारागीर कुठे उभा असेल, एवढा दगड बाहेर कसा नेला असेल, सगळं ते हात न लावता दाखवत होते. चित्रांखालचा गिलावा मातीचा, त्यात भाताचं तूस आणि गवताचे धागे, वर चुन्याचा पातळ हात, हे आम्ही पुस्तकातलं सांगितलं. ते लगेच म्हणाले, "तूस नसतं तर भेगा पडल्या असत्या." रंग इथल्याच मातीचे आणि दगडांचे: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. निळा तेवढा परदेशी. लाजवर्द, जो अफगाणिस्तानच्या बदख्शांकडून येई. दीड हजार वर्षांपूर्वी, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, तो दगड इथवर आला होता. मुलं वर्गात 'लाजवर्दी' हा शब्द वाचतात. तो रंग त्यांनी त्या दिवशी पाहिला.

बाहेर आल्यावर मुलांना गारगोट्यांच्या दुकानांनी ओढलं. दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत तयार झालेले हे स्फटिक खाणी-विहिरी खोदताना निघतात. फोडलेल्या गोट्यात आत चमचमणारी गुहा असते. घ्यायचे तर जरूर घ्या, पण भडक जांभळा, गुलाबी किंवा हिरवा दिसला तर रंग दिलेला आहे का, हे विचारा. आमचे विद्यार्थीच सांगतील, त्यांच्या घरचा धंदा आहे.

जेवणाचं म्हणाल तर इथे दोन प्रदेश एका ताटात येतात. खाली खानदेश, म्हणून वांग्याचं भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी. वर संभाजीनगरकडे गेलात तर नान-कलिया. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास दौलताबादला राजधानी आणली, तेव्हा फौजेसाठी मोठ्या हंड्यांत शिजवलेलं हे जेवण म्हणतात. खरं-खोटं अल्लाह जाणे. पण पिवळसर तजेलदार नान आणि तर्रीचा पातळ कलिया, हे लग्नाच्या दस्तरखानावर नसेल तर आमच्याकडे पाहुणे बोलून दाखवतात. घरी नेण्यासाठी हिमरू पाहा. सूत आणि रेशीम यांचा हा कपडा हातमागावर विणणारी घरं आता फार थोडी उरली आहेत. मागावरचा की यंत्रावरचा, हे विचारूनच पैसे द्या. यंत्राचा स्वस्त असतो, त्यात गैर काही नाही, पण हातमागाच्या भावात तो घेऊ नका.

परतताना बस घाट चढून गावात शिरली तेव्हा असरची वेळ झाली होती. गवंडी मुलाला घेऊन उतरले आणि घराकडे न वळता पारोच्या कबरीच्या वाटेने निघाले. दुसऱ्या दिवशी मुलाने सांगितलं, अब्बांनी तिथल्या दगडावरची अक्षरं त्याच्याकडून वाचून घेतली आणि म्हणाले, कोरणाऱ्याचा हात चांगला होता.