चहाला गुण देताना

वाइनची चव घेणाऱ्या जाणकारांविषयी आपण अधूनमधून वाचतो. पातळ काचेचा प्याला, त्यात नाक खुपसून घेतलेला वास, तोंडात घोळवलेला एक घोट आणि मग शंभरपैकी गुण. आमच्या घरी वाइन येत नाही. चहा मात्र दिवसातून पाच वेळा होतो आणि महिन्याला किलोभर पावडर लागते. गंमत अशी, की तांदूळ घेताना आपण दोन दाणे दाताखाली चावून पाहतो, आंबा देठाशी हुंगतो, गहू ओंजळीत घेऊन त्याचं वजन जोखतो. चहा मात्र पुड्यावरचं चित्र पाहून आणतो, नाही तर ‘आमच्याकडे पहिल्यापासून हाच’ म्हणून आणतो. रोज जिभेवरून जाणाऱ्या या वस्तूची परीक्षा घरच्या घरी, फारसा खर्च न करता कशी घेता येईल, हे आज पाहू.

परीक्षेचा पहिला नियम वाइनवाल्यांकडूनच घ्यावा. चव घेणाऱ्याला, आपण काय पितो आहोत, हे कळता कामा नये. १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने अशी एक परीक्षा घेतली. परीक्षक फ्रेंच, नामवंत; बाटल्यांवरची नावं झाकलेली. निकाल लागला तेव्हा पांढऱ्या आणि लाल, दोन्ही प्रकारांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली होती. नावं उघडी असती तर असा निकाल लागला असता का, हे आपण समजू शकतो. पुढे २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच वाइन लोकांना दोनदा दिली, एकदा स्वस्त किंमत सांगून आणि एकदा महाग. महाग म्हणून दिलेली वाइन लोकांना जास्त आवडली. नुसतं तोंडदेखलं कौतुक नव्हतं ते. मेंदूतला सुखाशी निगडित भागही तेव्हा अधिक सक्रिय झालेला यंत्रावर दिसला. म्हणजे किंमत आपण जिभेनेही चाखत असतो. आपल्या महिन्याच्या किराण्याच्या यादीत हे किती वेळा घडत असेल!

आता चहा. आपण पितो तो बहुतेक चहा सीटीसी पद्धतीचा असतो. क्रश, टेअर, कर्ल, म्हणजे चुरडणं, फाडणं आणि वळणं. १९३०च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅकर्चर याने हे यंत्र आणलं. दातेरी रुळांमधून पान गेलं, की त्याचे बारीक गोळीदार दाणे होतात. ते पाण्यात झटकन उतरतात, रंग गडद देतात आणि दुधापुढे हार मानत नाहीत. दूध-साखर घालून उकळलेला आपला चहा या दाण्यावरच उभा आहे. दार्जिलिंगचा लांब पानाचा चहा वेगळा. तो दुधाशिवाय, हलक्या हाताने प्यायचा. त्याला आलं घालून पातेल्यात खळखळ उकळवणं म्हणजे गझल ढोलावर म्हणण्यासारखं आहे.

सीटीसीतही प्रती असतात. मोठा दाणा, ज्याला बाजारात ममरी म्हणतात, तो सावकाश उतरतो आणि वास राखून असतो. अगदी बारीक ती डस्ट. डस्ट म्हटलं की झाडलोट डोळ्यांपुढे येते आणि हलका माल असावा असा समज होतो. तसं नाही. डस्ट हे दाण्याच्या आकारावरून पडलेलं नाव आहे. चांगल्या मळ्याची डस्ट सामान्य मळ्याच्या ममरीपेक्षा सरस असू शकते. दाणा बारीक म्हणून पाण्याला स्पर्श जास्त, म्हणून रंग लवकर आणि कडकपणाही लवकर. हॉटेलवाल्यांना ती आवडते, याचं कारण हेच.

चहाच्या परीक्षेचं एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ३१०३. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, उकळतं पाणी, झाकलेलं चिनी मातीचं भांडं आणि सहा मिनिटं. हे ज्या ब्रिटिश मानकावर आधारलं, त्याने चहा करायचा कसा हे सहा पानांत सांगितलं होतं. त्याबद्दल ब्रिटिश मानक संस्थेला १९९९ साली इग नोबेल हा विनोदी पुरस्कारही मिळाला. आपण हसावं, पण त्यातलं मर्म घ्यावं. हे मानक उत्तम चहा करण्यासाठी नाहीच. सगळे नमुने सारख्याच कसोटीला लागावेत, एवढंच त्याला हवं आहे.

घरी हे असं करता येईल. तीन किंवा चार प्रकारचे चहा घ्या, त्याहून जास्त नकोत. पाचव्या कपाला जीभ थकते. छोटी पुडकी मिळतात ती आणावीत. एक आपला रोजचा, एक त्याहून स्वस्त, एक महाग आणि एक वाण्याकडचा सुटा. मोजमाप चमच्याने करू नका, इथे चमचा फसवतो. बारीक पावडर चमच्यात दाटून बसते आणि मोठ्या दाण्याच्या मध्ये पोकळी राहते, म्हणून चमचा तोच असला तरी वजन निराळं भरतं. घरी छोटा काटा नसेल तर वाण्याकडून वीस ग्रॅम तोलून आणावेत आणि कागदावर पसरून त्याचे दहा सारखे भाग करावेत. एक भाग दोन ग्रॅमचा. पाणी सगळ्यांना एकच. बोअरचं जड पाणी असेल तर चहावर तवंग येतो आणि रंग मेलेला दिसतो. तो दोष चहाच्या पदरात टाकू नये.

कप पांढरे, सारखे, आणि बुडाखाली चिकटवलेला आकडा. चहा करणाऱ्याने चव घ्यायची नाही आणि चव घेणाऱ्याने स्वयंपाकघरात डोकवायचं नाही. पहिली फेरी बिनदुधाची, बिनसाखरेची. या फेरीला घरातली मंडळी तोंड वाकडं करतील, पण चहाचं खरं रूप इथेच दिसतं. दुसरी फेरी आपल्या रोजच्या पद्धतीने. दूध, साखर, उकळी, सगळ्यांना सारखं आणि घड्याळ लावून. आलं, वेलची, गवती चहा मात्र या दिवशी बाजूला ठेवा. ही सगळी पाहुणेमंडळी चांगली आहेत, पण ती वाईट चहाला पाठीशी घालतात. माझ्या मते शेवटचे गुण दुसऱ्या फेरीचेच धरावेत. आपल्याला प्यायचा तो दुधाचा चहा. पहिल्या फेरीत पहिला आलेला नाजूक चहा दुधात बुडून गेला, तर त्याचं कौतुक काय करायचं?

चव घेताना भुरका मारायचा, आणि तोही मोठ्याने. लहानपणी बशीतून भुरकताना अम्मी डोळे वटारायची. चहा मंडळांतले पगारी चवपारखी मात्र दिवसभर हेच करतात. चमच्यातून चहा हवेसकट आत ओढला, की तो तोंडभर फवारला जातो आणि त्याचा वास घशामागून नाकात चढतो. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग हा वासच असतो. खात्री हवी असेल तर नाक दाबून एक घोट घ्या. कडू, तुरट, गोड एवढंच उरेल. ‘चहा’ नाहीसा होईल. नाक सोडा, तो परत येईल. साहजिकच सर्दीच्या दिवसात परीक्षा घेऊ नये. पान, तंबाखू, कांदा खाऊनही नको. आणि भुकेल्या पोटी तर मुळीच नको. रोजा सोडल्यानंतरच्या पहिल्या घोटाला मी आजवर कधी शंभरपैकी शंभरांहून कमी गुण दिलेले नाहीत, मग चहा कोणताही असो.

गुण कशाला द्यायचे? मी वीस धरतो. वासाला पाच, रंगाला तीन, तोंडातल्या चवीला आठ आणि घोट गिळल्यानंतर मागे उरणाऱ्या चवीला चार. रंगाला मुद्दाम कमी, कारण रंग आणणं सगळ्यांत सोपं. काळपट चहा म्हणजे कडक चहा नव्हे. चांगला चहा तांबूस आणि झळाळता दिसतो. बिनदुधाचा कप गार होऊ द्या. सकस आसामचा चहा गार झाल्यावर गढुळतो, त्यावर साय धरल्यासारखी दिसते. अनेकांना तो दोष वाटतो, पण जाणकार त्याला गुण देतात, कारण त्यातली चांगली द्रव्यं एकमेकांना धरून बसल्याची ती खूण असते.

मी शब्दांच्या धंद्यातला माणूस. मला या परीक्षेत सगळ्यांत आवडतो तो शेरा लिहिण्याचा भाग. इंग्रजीत पारखी ‘ब्रिस्क’, ‘ब्राइट’, ‘माल्टी’ असे शब्द वापरतात. आपल्याकडे शब्द नाहीत असं कोण म्हणतं? पाणचट चहासाठी ‘फुळकवणी’ हा एक शब्द घ्या. तो उच्चारतानाच तोंड बेचव होतं. तुरट आणि कडवट यांत आपण नेहमी गल्लत करतो. कडू जिभेला कळतं, तुरट हिरड्यांना आणि गालांना. कच्ची सुपारी किंवा जांभूळ खाल्ल्यावर तोंड आवळतं ते तुरट. चहात थोडा तुरटपणा हवा, त्यानेच तरतरी वाटते. दुधातलं प्रथिन तो तुरटपणा बांधून घेतं, म्हणून दुधाचा चहा गुळगुळीत लागतो. ‘करपट’, ‘धुरकट’, ‘कोंदट’, ‘वाशेळा’ हे सगळे शेरे वह्यांत लिहा. कोंदट चहा पुष्कळदा मळ्यात बिघडलेला नसतो, आपल्याच फडताळात हिंगाच्या डबीशेजारी बिघडलेला असतो. चहा आजूबाजूचा वास फार लवकर ओढून घेतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. शेरे आणि गुण लिहून होईपर्यंत कुणीही बोलायचं नाही. मुशायऱ्यात पहिल्या रांगेतून एक ‘वाह’ आली, की मागच्या रांगांना शेर आवडायला लागतो. घरातही तेच होतं. वडीलधाऱ्याने ‘हा बरा आहे’ म्हटलं, की सुना-मुलांच्या माना हलतात. जी बाई तीस वर्षं या घराचा चहा करते आहे, तिला कोणता आवडतो हे तिला कुणी विचारलेलंही नसतं. चिठ्ठीवर ती निर्धास्त लिहिते.

एवढं करून महाग आणि स्वस्त यांत चार-सहा गुणांचा फरक पडला, तरी तो खरा की योगायोग? यासाठी एक साधी युक्ती आहे. तीन कप ठेवा. दोनांत एक चहा, तिसऱ्यात दुसरा. वेगळा कप ओळखा. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येणारच. म्हणून हे चार वेळा करा. चारही वेळा नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता एक्याऐंशीत एक. या हिशेबाचं मूळही चहातच आहे. रॉनल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात एका बाईंची गोष्ट दिली आहे. कपात दूध आधी घातलं की चहा, हे आपण चवीवरून सांगू शकतो, असं त्यांचं म्हणणं. फिशर यांनी आठ कपांची परीक्षा मांडली, चार असे आणि चार तसे. ही विभागणी सत्तर तऱ्हांनी होऊ शकते आणि त्यांतली एकच संपूर्ण बरोबर. आज औषधांच्या चाचण्या ज्या विचारावर चालतात, त्याचा एक पाया या चहाच्या टेबलावर घातला गेला. तुमच्या घरात चारपैकी चार वेळा कुणालाच वेगळा कप सापडला नाही, तर स्वस्त चहा आणायला हरकत नाही.

सुट्या चहाबाबत मात्र चवीच्या आधी दुसरी परीक्षा घ्या. वापरलेला चोथा वाळवून, रंगवून पुन्हा विकला जातो, हे आपल्याकडे जुनंच दुखणं आहे. काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्या आणि चिमूटभर पावडर वर सोडा. खरा चहा थंड पाण्यात हळूहळू रंग सोडतो. घातलेला रंग लगेच धागे सोडत खाली उतरतो. किंवा टीपकागदावर पावडर पसरून वर पाणी शिंपडा, थोड्या वेळाने पावडर झटकून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. ठळक डाग राहिले तर भेसळीचा संशय घ्यावा. पावडरीतून लोहचुंबक फिरवला तर लोखंडाचा कीसही असल्यास चिकटतो. ज्याला महिन्याला पाव किलोच परवडतो, तो माणूस बहुधा सुटाच घेतो, आणि ‘कडक रंग येतो’ म्हणून खूशही असतो. म्हणून ही तीन मिनिटांची चाचणी त्याच्यापर्यंत आधी पोहोचायला हवी.

आता पैशांचं. समजा, चहा चारशे रुपये किलो आणि एका कपाला तीन ग्रॅम, तर पावडरीचा खर्च एक रुपया वीस पैसे. साठ रुपये लिटरचं दूध पन्नास मिलिलिटर घातलं तर त्याचेच तीन रुपये. किलोमागे दोनशे रुपये जास्त मोजले तरी कपामागे साठ पैसेच वाढतात. आपण काटकसर नेमकी पावडरीत करतो आणि मग रंग येईना म्हणून ती जास्त टाकतो! ज्यांच्याकडे दिवसाला दहा कप होतात, त्यांनी दोन चहांचं मिश्रण करून पाहावं. दोन भाग चांगली ममरी वासासाठी, एक भाग डस्ट रंगासाठी. मोठे व्यापारी दुसरं काय करतात? प्रमाण थोडं बदलून त्याचेही आकडे घातलेले तीन कप करा आणि वहीत तारीख टाकून गुण लिहून ठेवा. पावसाळा संपला की तोच डबा पुन्हा त्याच परीक्षेला बसवा. झाकण घट्ट लागतं की नाही, तेही तेव्हा कळेल.