केस गळतात? तीन महिने मागे जाऊन पाहा

सकाळच्या उन्हात पडवीच्या कडेला बसून बाई केस विंचरते. फणीत अडकलेला गुंता बोटाला गुंडाळते आणि कोणी पाहत नाही ना, हे बघून कुंपणापलीकडे टाकते. पायात काटा मोडला तर ती चारचौघींत सांगेल, पण केस गळतात हे सांगणार नाही. हळूहळू भांग रुंद होतो, अंबाड्यात गंगावन येते, पदर कपाळावर पुढे ओढला जातो आणि बाजारातून गुपचूप आणलेल्या तेलाच्या बाटल्या फळीवर वाढत जातात. एवढे सगळे होते, पण केस का गळतात हे काही कोणी विचारत नाही.

आपल्या रसायनीच्या पट्ट्यात तर या प्रश्नाचे उत्तर ठरलेलेच असते. मोहोपाडा असो, वासांबे असो की लोहोप, विषय निघाला की एखादी म्हणते, "अगं, इथलं पाणीच तसलं!" १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्याभोवती हे गाव वाढले आणि नावही रसायनावरूनच पडले. पुढे पाताळगंगेच्या काठाने कारखान्यांची रांग उभी राहिली. तेव्हा पाण्याविषयी शंका येणे साहजिक आहे. ती शंका विचारावी, पाणी तपासूनही घ्यावे. परंतु सगळे खापर पाण्यावर फोडून मोकळे झालो, तर खरे कारण घरातच राहते आणि केस गळतच राहतात.

बुलढाण्यात काय घडले?

पाण्यावर संशय घेण्यात काय चूक होऊ शकते, ते बुलढाणा जिल्ह्याने आपल्याला दाखवून दिले आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येणे, आणि आठवड्याभरात टक्कल. बाया, पुरुष, मुले, कोणीही सुटले नाही. सुमारे तीनशे जणांना याचा त्रास झाला. मुले शाळेत जायला लाजू लागली, लग्नाची बोलणी अडली, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले.

पहिला संशय पाण्यावरच गेला. तो भाग खारपाणपट्ट्यातला, पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. कोणी बुरशी म्हणाले, कोणी शाम्पूला दोष दिला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक गावात आले, रक्ताचे आणि धान्याचे नमुने गेले.

याच प्रश्नाचा मागोवा आपल्या रायगड जिल्ह्यातील एका डॉक्टरांनीही घेतला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव कोकणात नवे नाही. विंचूदंशावरील उपचारासाठी त्यांनी आयुष्य घातले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी त्या गावांत जाऊन नमुने घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले, की रोग्यांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम नावाचे द्रव्य फार वाढलेले आहे, जस्त मात्र कमी आहे, आणि हे सेलेनियम बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हातून आले असावे. सेलेनियम शरीराला लागते, पण अगदी कणभर. ते जास्त झाले की केस आणि नखे जातात. पंजाबातील काही जमिनींत ते मुळातच जास्त आहे. पुढे बऱ्याच जणांचे केस पुन्हा येऊ लागले.

गुरे राखणाऱ्या घराला यात नवल वाटू नये. सुबाभळीचा पाला प्रमाणाबाहेर खाल्ला की जनावराचे केस झडतात, हे आपण जाणतो. पोटात काय जाते आणि काय जात नाही, त्याचा हिशेब केसांवर उमटतो. जनावराचे तेच, माणसाचेही तेच.

केसांचाही एक हंगाम असतो

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग तीनेक महिने विसावा घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून नवा फुटतो. शंभरांतले पंच्याऐंशी-नव्वद केस वाढीत असतात, बाकीचे विसाव्यात. म्हणून दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हे दुखणे नव्हे, तो नेमच आहे.

आता समजा शरीराला मोठा धक्का बसला. बाळंतपण झाले, टायफॉइड किंवा डेंग्यूचा ताप आला, ऑपरेशन झाले, उपासमार झाली. अशा वेळी शरीर केस वाढवायचे काम थांबवते. पुष्कळ केस एकदम विसाव्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. सगळे शेत एकाच दिवशी कापणीला यावे, तसे होते.

यातली खरी गोम ध्यानात घ्या. श्रावण-भाद्रपदात ताप येऊन गेलेला असतो, तो विसरलाही जातो. केस गळतात ते कार्तिक-मार्गशीर्षात. मग बाई म्हणते, "कालपासून नळाचं पाणी बदललंय." म्हणून केस गळू लागले की काल काय झाले ते पाहू नका, तीन महिने मागे जाऊन पाहा. अशी गळती सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबते. नव्या बाळंतिणीने तर मुळीच घाबरू नये. "बाळ ओळखू लागलं की आईचे केस गळतात," असे जुन्या बाया म्हणत, ते याच कारणाने. मात्र केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटरच वाढतो, तेव्हा डोके पुन्हा भरायला वर्षभर धीर हवा.

अंगात रक्त आहे ना?

गळती सहा महिन्यांनंतरही चालूच राहिली, तर पहिली शंका रक्ताची घ्यावी. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी चौपन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे दोन जावा चुलीपाशी बसल्या, तर त्यांतली एक पांडुरोगी!

याची कारणे आपल्या राहणीत आहेत. पाळीत जास्त रक्त जाते. लागोपाठ बाळंतपणे होतात. लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभे राहिल्याने आकडीचे जंत पायातून शिरतात आणि आतून रक्त पितात. आणि सगळ्यांत मोठे कारण म्हणजे सगळ्यांची पाने उठल्यावर बाई जेवायला बसते, तेव्हा भात उरतो, कालवण उरत नाही. पहाटेच्या पाळीला कारखान्यात जाणारी मुलगी तर नुसत्या चहावर घर सोडते. केस हा प्रथिनांचा बनलेला आहे. नुसत्या भातावर आणि चहावर तो कसा वाढावा?

उपाय आपल्याच परसात आहे. वालाचे बिरडे, मूग, मटकी, अंडी, सुकट, जवळा, शेवग्याचा पाला, पावसात उगवणारा टाकळा, बाळंतिणीचे अळिवाचे लाडू, हे सगळे उपयोगाचे. पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तो लोह अडवतो. तासभर थांबून घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून मिळते, लोहाच्या आणि जंताच्या गोळ्या मिळतात. गोळीने शौचास काळे होते, म्हणून घाबरून ती पिंपात टाकू नका. रक्त भरले तरी डॉक्टर सांगतील तितके महिने घ्या.

दुसरी तपासणी थायरॉइडची. गळ्यातील ही ग्रंथी मंदावली की अंग जड होते, थंडी सोसत नाही, पाळी बिघडते आणि केस विरळ होतात. रोजच्या एका गोळीने हे सुधारते. पाळी दोन-दोन महिने चुकते, हनुवटीवर राठ केस येतात आणि डोक्यावरचे जातात, असे असेल तर अंडाशयाची तपासणी करावी. लग्नाच्या मुलीचे हे दुखणे लाजेने झाकू नका.

गळतीचे आणखी काही प्रकार

*भांग रुंद होणे.* कित्येक घरांत आईचा भांग जसा, तसा लेकीचा होतो. यात केस मुठीने गळत नाहीत, बारीक होत जातात. यावर मिनॉक्सिडिल नावाचे औषध टाळूला लावतात. पहिल्या महिन्यात थोडी गळती वाढते, गुण यायला चार-सहा महिने लागतात, आणि बंद केले की गुण जातो. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाईने ते लावू नये. डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

*चाई.* रुपयाएवढा गुळगुळीत ठिपका पडतो. किडा चाटून गेला, असे म्हणतात, पण तसे काही नसते. शरीराची संरक्षक शक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उलटते. ती एकमेकांना लागत नाही. पुष्कळदा आपोआप भरते, नाही तर इंजेक्शनाने भरते.

*खवडे.* लहान मुलांच्या डोक्यात खपल्या धरून केस तुटतात. ही बुरशी, आणि ती मात्र लागते. फणी-टॉवेल वेगळे ठेवा. नुसत्या मलमाने हे जात नाही, पोटातून औषध लागते.

*ओढ.* कपाळावरचे केस ताणून घट्ट वेणी घातली, ओल्या केसांचा अंबाडा बांधला, वर्षानुवर्षे डोक्यावर भारे वाहिले, की तेवढ्या जागेचे केस विरळ होतात. वेणी सैल घाला, चुंबळ मऊ आणि जाड करा.

आणि पाणी? जड किंवा खारट पाण्याने केस राठ होतात, मधूनच तुटतात. शेवटचे पाणी साठवलेल्या पावसाचे घेतले तर बरे वाटेल. पण एकाच वाडीत, एकाच सुमारास पाच-दहा जणांचे केस गळू लागले, तर ते घरगुती प्रकरण समजू नका. त्याच दिवशी आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला कळवा. पाणी तर तपासायला लावाच, पण धान्यही तपासायला लावा. बुलढाण्याचा हाच धडा आहे.

हे करू नका

खोबरेल, माका, जास्वंद यांचे तेल जरूर लावा. केस मऊ राहतो, कमी तुटतो. पण तेलाने नवे मूळ फुटत नाही, बाटलीवर काहीही छापलेले असो. उवांसाठी रॉकेल लावू नका, कातडी भाजते आणि चूल जवळ असते. चाईवर गुंजा उगाळून लावण्याची रीत आहे, पण गुंज हे विष आहे, पोरांच्या तोंडात गेली तर जिवावर बेतेल. कलप आधी कानामागे टिपकाभर लावून दोन दिवस पाहा. केसांच्या गोळ्या मनाने घेऊ नका. काहींत सेलेनियमच असते, आणि बायोटिनच्या गोळीने थायरॉइडची तपासणी चुकते.

टाळूची कातडी चकचकीत, दुखरी झाली, पू आला किंवा चट्टे पडले, तर मात्र थांबू नका. तिथली मुळे एकदा मेली की परत येत नाहीत. आधी आरोग्य केंद्र, मग कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय. तिथून पुढे लागले तर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग आहे.

शेवटी घरातल्या पुरुषमाणसांना एक सांगणे. गाभण गाईचा चारा तुम्ही विसरत नाही. उद्यापासून घरची बाई तुमच्याबरोबर पानावर बसते की नाही, एवढे पाहा. आणि भगिनींनो, फणीतला तो गुंता कुंपणापलीकडे टाकण्याआधी एकदा आशाताईंना दाखवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.